आत्याची अंगठी आणि एक हिणकस विनोद

आज नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेरी ॲन बेव्हन यांचे जुने छायाचित्र आले. खाली लग्नाच्या स्थळावरून केलेला हिणकस विनोद होता आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली होती. ही बाई लंडनमध्ये परिचारिका होती. १९१४ मध्ये नवरा गेल्यावर चार मुलांना जगवण्यासाठी ती ‘जगातील सर्वांत कुरूप स्त्री’ म्हणून लोकांसमोर उभी राहिली. तिचा चेहरा तसा झाला तो ॲक्रोमेगाली या आजाराने. १९३३ मध्ये ती वारली, तरी तिची विटंबना थांबलेली नाही, याचा मला संताप येतो.

माझ्या आत्याला हाच आजार आहे. आधी तिची अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. मग चपलेचा नंबर वाढला. चाळिशीनंतर पाऊल कसे वाढेल, असे कोणी विचारले नाही. “अंग सुटलंय,” म्हणून वडीलधाऱ्यांनी विषय मिटवला. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत बहुधा कर्करोगाची नसलेली गाठ होते आणि ती वाढीचे संप्रेरक (हार्मोन) बेसुमार सोडत राहते. प्रौढपणी हाडांची लांबी वाढणे थांबलेले असते, त्यामुळे उंची न वाढता हात, पाय, जबडा, नाक आणि जीभ जाड होत जातात.

हे सगळे फार सावकाश होते आणि आजार दुर्मीळ आहे, हे मान्य करावेच लागेल. पण आत्याचे घोरणे, घाम, डोकेदुखी आणि मधुमेह यांवर वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देत राहिले, आणि कापलेल्या अंगठीबद्दल एकानेही विचारले नाही. शेवटी दातांतल्या नव्या फटी पाहून एका दंतवैद्याने तिचा जुना फोटो मागवला, तेव्हा कुठे एमआरआय झाला. गाठ वाढून दृष्टीच्या मज्जातंतूंवर दाबली असती, तर नजरही धोक्यात आली असती.

नाकावाटे शस्त्रक्रिया झाली; उरलेल्या गाठीसाठी ती दरमहा ऑक्ट्रिओटाइड या वाढीचे संप्रेरक कमी करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन घेते. बोटांची सूज उतरली, पण वाढलेले हाड मागे येत नाही, त्यामुळे जबडा तसाच आहे. लहान मुले टक लावून पाहतात, त्याचे तिला काही वाटत नाही. लग्नकार्यात मोठ्यांची कुजबुज मात्र तिला फार लागते, आणि ग्रुपवर आज हसणाऱ्यांत तीच माणसे होती.

तुमच्या घरात कोणाची अंगठी, चपला आणि चेहरा असे एकत्र बदलत असतील, तर दहा वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे जा आणि वाढीचे संप्रेरक जास्त आहे का हे दाखवणारी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी करण्याविषयी विचारा.