जंताच्या गोळीने डिप्रेशन जात नाही

"डिप्रेशन म्हणजे मेंदूत शिरलेले जंत. संशोधनाने सिद्ध झालंय. मांजरं हटवा, घरातल्या सगळ्यांनी दर महिन्याला अल्बेंडाझोल घ्या आणि मानसोपचाराच्या गोळ्या बंद करा." या आशयाचा मेसेज ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पालक, शेजारी, नातेवाईक तो मला पाठवून विचारतात, "यात तथ्य आहे का हो?" म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते.

मेसेजचा रोख मांजरांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या ज्या परजीवीवर आहे, तो म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गोंडी. तो जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे. शरीरात शिरला की स्नायूंत आणि मेंदूत गाठी करून वर्षानुवर्षं राहतो. लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती कमी होते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. तिथूनच माणसाच्या मनाविषयीचे तर्क वाढत गेले. पण माणसांत काय दिसलं? २०१५ साली ५० अभ्यास एकत्र करून तपासले गेले. टॉक्सोप्लाझ्माचा संबंध स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराशी दिसला, नैराश्याशी ठोस संबंध दिसला नाही. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये जन्मापासून पाहणीत असलेल्या ८३७ जणांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. तिथेही लागण आणि डिप्रेशन यांची सांगड बसली नाही. जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी ही लागण झालेली असते आणि त्यातल्या बहुतेकांना ती कळतही नाही. रक्तात अँटिबॉडी सापडली एवढ्यावरून उदासीचं कारण सापडलं असं म्हणता येत नाही.

मग परजीवी आणि मन यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. शरीरात दाह (आतली सूज) दीर्घकाळ राहिला तर मनःस्थिती खालावू शकते. हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन हे रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं औषध घेणाऱ्या कित्येक रुग्णांना उपचारादरम्यानच डिप्रेशन आलेलं आहे. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतो, हिमोग्लोबिन घसरतं, माणूस गळून जातो, कशात मन लागत नाही. डुकराच्या मांसातल्या फीतकृमीची अंडी पोटात गेली तर तिच्या अळ्या मेंदूत गाठी करतात. ब्राझीलमध्ये १९९७ साली अशा ३८ रुग्णांची पाहणी झाली, त्यात निम्म्याहून अधिक जणांत नैराश्य आढळलं. ही अंडी शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात, न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालकातून.

आणि म्हणूनच डॉक्टरांना न विचारता आपल्या मनाने जंताची गोळी घेत राहणं मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं. मेंदूत गाठी असताना अल्बेंडाझोल घेतलं तर अळ्या मरताना सूज येते, फिट येऊ शकते. अशा रुग्णाला डॉक्टर आधी स्कॅन बघतात आणि सोबत स्टेरॉइड देतात. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. शिवाय ज्याच्यावर एवढा ठपका ठेवलाय त्या टॉक्सोप्लाझ्मावर अल्बेंडाझोल हा उपचारच नाही. त्याची औषधं वेगळी आहेत, आणि तीही मेंदूतल्या गाठी संपवत नाहीत. शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वयाच्या मुलांना मिळणारी गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. ती मुलांना जरूर द्या. तिचा या मेसेजशी संबंध नाही.

मांजरांचं थोडक्यात सांगते. मांजर पहिल्यांदा लागण झाल्यावर दोन-तीन आठवडेच विष्ठेतून हा परजीवी टाकते, आणि तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठा रोज काढा, मटण नीट शिजवा, जांभळी नाक्यावरून आणलेली भाजी वाहत्या पाण्याखाली धुवा. गरोदर बाईने विष्ठेला हात लावू नये. तिच्या बाळाला खरा धोका आहे. सोसायटीतली मांजरं पोत्यात घालून दूर सोडल्याने कोणाचीही उदासी जाणार नाही.

राहिल्या मानसोपचाराच्या गोळ्या. हा मेसेज लोकांना का पटतो, ते मला समजतं. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" हे वाक्य आजही हिणवायला वापरतात. १९०१ पासून लोकांवर उपचार करणाऱ्या मनोरुग्णालयाचं नाव आपण शिवीसारखं करून ठेवलंय. पोटात जंत झाले म्हणायला लाज वाटत नाही, डिप्रेशन म्हणायला वाटते. पण आमच्याच इमारतीतल्या एका तरुणीने हा मेसेज वाचून गोळ्या एकदम थांबवल्या. चार-पाच दिवसांत चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, रात्रभर घालमेल. घरच्यांना वाटलं, जंत मरताहेत. खरं तर गोळी अचानक तोडल्याचा तो त्रास होता. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्यावर ओसरला.

ही औषधं बंद करायची झाली तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. थकवा, वजन घटणं, पोटाची तक्रार सोबत असेल तर त्यांनाच हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि शौचाच्या तपासणीबद्दल विचारा. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो मेसेज ज्या ग्रुपवर आला असेल, त्याच ग्रुपवर हा क्रमांक टाका.