रिव्ह्यूला उत्तर : हेअर ट्रान्सप्लांटला नाही का म्हटलं

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमच्याकडे 900 रुपये घेतले, डोक्यावरून कॅमेरा फिरवला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि शेवटी ‘तुमचं ट्रान्सप्लांट करणार नाही’ म्हणून वाटेला लावलं. तुमचं वय 24, लग्न तीन महिन्यांवर. मित्राचं मात्र इथेच झालं. आणि दुसऱ्या क्लिनिकने पहिल्याच भेटीत 4,000 ग्राफ्ट (मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे बारीक पुंजके), एका दिवसात, वर लाइफटाइम गॅरंटी असं सांगितलं. नकार मीच दिला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. केसपेपरवर काय आहे ते मला चारचौघांत सांगता येत नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंत आणि डोक्याचे जे दोन फोटो टाकलेत, तेवढ्यावरच बोलतो.

आधी लग्नाचं. लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. मूळ आत शाबूत राहतं, वरचा केस जातो. नवीन केस डोकं वर काढतात ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तेही बारीक आणि वेडेवाकडे. खरा निकाल पाहायला वर्ष लागतं. म्हणजे मुंडावळ्या बांधायच्या दिवशी कपाळावरची नेमकी ती जागा आजच्याहून उघडी दिसली असती, कदाचित थोडी लालसरही. शिवाय शॉक लॉस नावाचा प्रकार असतो : आसपासचे तुमचे स्वतःचे केस ऑपरेशनच्या धक्क्याने गळतात. बरेचसे परत येतात, पण जे आधीच मरायला टेकलेले असतात ते येतीलच असं नाही. विशीत टक्कल सुरू झालेल्या मुलांच्या डोक्यावर पुढे असे केस भरपूर असतात. लग्नापुरती हौस भागवायची तर हेअर फायबर (विरळ केसांवर भुरभुरायची पूड) आहे, चांगला न्हावी आहे, आणि फेटा तर आहेच. हे मी चेष्टेने लिहीत नाही.

आता कॅमेरा. तुम्हाला तो दिखावा वाटला, पण आमच्या कामात निम्मा निर्णय तिथेच होतो. 1959 साली न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी दाखवून दिलं, की मागच्या भागातला केस पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, टिकतो. सगळं ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. आपल्या नाशिककडच्या माणसाला सांगायचं तर हे कांद्याच्या रोपासारखं आहे. वाफ्यातलं रोपच रोगट असेल तर शेत कितीही चांगलं तयार करा, लागवड वाया जाते. काही जणांचे मागचे आणि बाजूचे केससुद्धा बारीक होत चाललेले असतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, मोठं करून पाहिलं की कळतं : एकाच जागी जाड, मध्यम, सुतासारखे असे सगळे केस मिसळलेले. असे केस काढून पुढे लावले तर काही वर्षांत तिथूनही जातात आणि मागे जखमांचे ठिपके उरतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत मागून भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसते. फोटोवरून निदान होत नाही, पण असा फोटो पाहून कुणी कॅमेरा न लावताच तारीख देत असेल तर मला त्याची काळजी वाटेल.

मित्राबद्दल मी काहीच बोलणार नाही, तो त्याचा खासगी विषय. सर्वसाधारण एवढंच, की टक्कल दिसायला सारखं असलं तरी आजार वेगवेगळे असतात. पुरुषी टक्कल काही वर्षं एका जागी थांबलेलं असेल आणि मागचा भाग दाट असेल, तर ट्रान्सप्लांट छान होतं. चाई पडलेली असेल तर नाही. तिथे शरीरच स्वतःच्या केसांवर उठलेलं असतं, लावलेल्या केसांवरही उठू शकतं. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, त्यांना तर सुरीच लावायची नाही, ते बहुतेकदा आपोआप येतात. रक्ताच्या तपासण्या यासाठीच असतात : थायरॉइड, लोहाचा साठा. लायकेन प्लॅनोपिलारिससारख्या आजारात मुळं जळून तिथे व्रण होतो. तो धुमसत असताना केस लावले की लावलेलेही जातात, म्हणून शंका आली तर टाळूचा 4 मिलिमीटरचा तुकडा तपासायला पाठवतो. याही रुग्णांना ‘थांबा’ म्हटलेलं आवडत नाही, हे मला माहीत आहे.

गॅरंटी आणि 4,000 ग्राफ्ट. मागचा भाग उत्तम असला तरी आयुष्यभरात साधारण 5,000 ते 6,000 ग्राफ्ट निघतात. एकदा काढलेला ग्राफ्ट तिथे पुन्हा उगवत नाही. 24 व्या वर्षी त्यातले 4,000 खाली ओढलेल्या सरळ हेअरलाइनवर खर्च केले, तर चाळिशीत माथा उघडा पडल्यावर भरायला काय उरणार? पुढे केसांचा एक पट्टा, मागे झालर, मधे मोकळं. दुसरीकडून असं करून आलेली माणसं माझ्याकडे येतात. मागचा भाग कसर लागल्यासारखा झालेला असतो आणि तेव्हा माझ्याही हातात फारसं काही उरत नाही. फार दाट लावण्याच्या नादात रक्तपुरवठा तुटून कातडी काळी पडण्याचा धोका असतो, सिगारेट ओढणाऱ्यांना जास्तच. भुलीच्या औषधालाही वजनानुसार मर्यादा आहे. दिवस लांबला की इंजेक्शनं वाढतात, आणि हिशोब ठेवणारं कुणी नसेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. कपाळावरची सूज, बारीक पुळ्या, काही आठवडे बधिरपणा हे त्यामानाने किरकोळ.

म्हणून तिकडे करायचंच ठरलं असेल तर चिरा आणि ग्राफ्ट काढणं डॉक्टर स्वतः करणार की टेक्निशियन, हे विचारा. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर 2022 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहून हे काम शिकल्याचं धरलं जाणार नाही, असं त्यात चक्क लिहावं लागलंय.

तुमच्या वयात मी आधी गोळ्या-औषधांनी गळती थांबते का ते सहा महिने ते वर्षभर पाहतो आणि मग ट्रान्सप्लांटचा विषय काढतो. औषधाचे दुष्परिणाम ऐकून ‘नको’ म्हणायचा हक्क तुमचा आहे. पण औषधही नको आणि ऑपरेशन मात्र लगेच हवं, याला माझा नकार राहील.

900 रुपये तपासणीचे होते आणि तपासणी झाली, त्यामुळे फी परत मिळणार नाही. ट्रायकोस्कोपीचे, म्हणजे त्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो मात्र तुमचे आहेत. रिसेप्शनवर फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना लागतील.