आधी देणी, मग देणगी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. धंदा, श्रद्धा आणि अर्थपूर्ण आयुष्य यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘भरल्या पोटाचं अध्यात्म’ म्हणालात. धंदा टिकवायचीच मारामार असेल, तर या गोष्टींना वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचारलंत. धार्मिक म्हणून मिरवणाऱ्यांकडेच पगार रखडतात, हा तुमचा दुसरा टोला. आणि तिसरा तुकोबांचा: त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, म्हणजे खरी श्रद्धा आली की धंदा बुडणारच, मग मधला मार्ग शोधायचा कशाला? शेवटी तुमची स्वतःची अडचण लिहिलीत. छापखान्यात दारूच्या बाटल्यांच्या लेबलांचं मोठं काम आलंय, तुमच्या मनाला ते पटत नाही आणि भागीदाराला हवंय.

रखडलेल्या पगारांबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. मी लोकांचे हिशेब तपासून पोट भरतो. महिनाअखेरीला देण्यांची यादी निघते. बँकेचा हप्ता सगळ्यात वर, कारण तो चुकला की लगेच फोन येतो. मग मोठा पुरवठादार, कारण तो माल अडवतो. तळाशी कुणीतरी खोकी पुरवणारा नाहीतर सुतारकाम करून गेलेला असतो. त्याच्या बिलाला नव्वद दिवस होऊन गेलेले असतात. मालक यादीवरून बोट फिरवत खाली येतो आणि म्हणतो, “याचं पुढच्या महिन्यात बघू, हा काही बोलत नाही.” त्याच टेबलावर देणगीची पावती मी पाहिली आहे, करसवलतीसाठी नीट टाचून ठेवलेली. त्या मालकाची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. माणूस रोज पहाटे मनापासून प्रार्थना करायचा. पण ती श्रद्धा यादीच्या तळापर्यंत पोचत नव्हती.

धर्मपरंपरा या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी निघतात. बायबलच्या जुन्या करारात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, अशी सरळ आज्ञा आहे. इस्लाममध्ये जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, साठवलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के, पण ती काढण्याआधी चालू देणी वजा करावीत, असं अनेक धर्मशास्त्री सांगतात. म्हणजे दानाच्या आधी उधारी. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात तर एखाद्याचं दिवाळं निघालं की पंथाची मंडळी त्याचे व्यवहार तपासायची, आणि बेफिकिरीने लोकांचे पैसे बुडवलेले दिसले तर त्याला पंथाबाहेर काढायची.

वेळ नाही म्हणता, त्याचंही उत्तर याच क्वेकरांकडे आहे. सतराव्या शतकात त्यांच्या दुकानदारांनी घासाघीस सोडली आणि एकच भाव सांगायला सुरुवात केली. मनात एक आकडा असताना तोंडाने दुसरा सांगणं त्यांना खोटं बोलणं वाटायचं. गिऱ्हाइकं आधी बिचकली. पण दुकानात लहान मुलाला पाठवलं तरी तो फसत नाही, हे कळल्यावर परत आली. यासाठी दिवसातला वेगळा तास काढावा लागला नाही. एक भाव सांगायला दोन सांगण्यापेक्षा वेळ कमीच लागतो.

अर्थात क्वेकर म्हणजे सगळे संत, असंही समजू नका. चॉकलेटवाले कॅडबरी बंधूही क्वेकरच. त्यांनी 1879 मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिलला कारखाना हलवला. पुढे तिथे घरं आणि बागा उभ्या राहिल्या आणि त्याचं आजही कौतुक होतं. पण आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरून येणारा कोको गुलामीसारख्या सक्तीच्या मजुरीतून पिकतो, हे 1901 च्या सुमारास कानावर येऊनही खरेदी 1909 पर्यंत चालू राहिली. गिऱ्हाईक म्हणून टिकून राहिलो तरच सुधारणेसाठी दबाव आणता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर टीका करणाऱ्या वृत्तपत्रावर त्यांनी बदनामीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल दिला कॅडबरीच्या बाजूने, भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! माझ्या मते ज्यूरीने बरोबर ओळखलं होतं. कारखान्यातला कामगार रोज समोर दिसायचा, बेटावरचा दिसत नव्हता, आणि आठ वर्षं चौकशीला फार झाली.

आता तुकोबा. त्यांचा धंदा श्रद्धेपायी बुडाला, हे तुमचं गृहीतकच मला मान्य नाही. तो बुडाला 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात. पैसा गेला, पत गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. खतं बुडवली ती या सगळ्यानंतर. आणि ती खतं म्हणजे इतरांकडून येणं असलेली रक्कम, म्हणजे त्याच काळात होरपळलेल्या कुळांना दिलेली सुटका. त्यांनी कुणाचं देणं बुडवलं नाही. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या या कथेतला एक तपशील बहुतेक जण विसरतात: आधी वाटणी झाली. निम्मी खतं धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हातात दिली आणि नदीत गेली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. कान्होबांना संसार करायचा होता, वसुली करायची होती. त्यांच्या वाट्याला तुकोबांनी हात लावला नाही.

तुमच्या लेबलांच्या कामाकडे मी याच नजरेने पाहतो. काम कायदेशीर आहे आणि छापखाना दोघांचा आहे. कुठली कामं घ्यायची नाहीत, हे ऑर्डर दारात येण्याआधी भागीदाराशी बसून ठरवायला हवं होतं. तसं झालं नसेल तर आता बसा. या एका कामातला तुमचा नफा त्याला देऊन टाकायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा. असेल तर बोलणं बरंच सोपं होईल. तो तुमचं ऐकून काम सोडायला तयार झाला, तर त्याचं होणारं नुकसान कसं भरून काढणार, याचा आकडा कागदावर घेऊनच बसा. मी तुमच्या जागी असतो तर ते काम सोडावं असंच म्हणालो असतो, पण त्याला न विचारता गिऱ्हाइकाला नकार कळवला नसता.