जिप्सीचा क्लच ‘गेला’ म्हणण्याआधी

मारुतीच्या जुन्या जिप्सी जीपवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात पाच सल्ले आहेत. गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट (इंजिनच्या फ्लायव्हीलला, म्हणजे जड चाकाला, घट्ट धरून गिअरबॉक्स फिरवणारी चकती) संपली समजून गिअरबॉक्स उतरवा. केबल ताणून ठेवा, म्हणजे क्लच जास्त टिकतो. ओढा पार करताना क्लच दाबून ठेवा. प्लेटला तेल लागलं असेल तर फोर्कच्या (क्लच सोडवणाऱ्या दांड्याच्या) फटीतून पेट्रोल मारा. आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर फक्त प्लेट बदला, बाकीचा खर्च वाचवा. सैन्याच्या लिलावातून हौसेनं गाडी घेतलेली पोरं हे वाचून पैसे घालवताना मी पाहतोय, म्हणून हे लिहितोय.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण त्यात दोन उलट आजारांना एकच नाव दिलंय. क्लच स्लिप मारतो तेव्हा इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही. तिथे प्लेटवर संशय घ्यावा. गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, तेव्हा क्लच धरत नाही असं नसतं, तो सुटत नसतो. घासून पातळ झालेली प्लेट उलट सहज सुटते. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी कडी) नसतो, त्यामुळे न सुटणारा क्लच सगळ्यात आधी तिथे बोंबलतो. पेडल पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला, तर आधी केबलकडे बघा.

1985 साली आलेली 970 सीसीची चार गिअरवाली असो की 1996 नंतरची 1300 सीसीची किंग, जिप्सीचा क्लच केबलवरच चालतो. मागे आम्ही जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाकडे चाललो होतो. मित्राच्या गाडीचा एकही गिअर पडेना. सगळ्यांचं एकमत झालं, प्लेट गेली, टोइंग बोलवा. मी खाली शिरलो आणि त्याला पेडल दाबायला सांगितलं. वर पेडल तळाला टेकत होतं, पण गिअरबॉक्सच्या बाजूचा लिव्हर जेमतेम हलत होता. बोटानं केबल चाचपत गेलो, तर टोकाजवळ आऊटरचं, म्हणजे बाहेरच्या नळीचं, प्लास्टिक फाटलेलं आणि आतली तारेची गुंडाळी पोट फुगल्यासारखी बाहेर आलेली. पायाचा सगळा जोर तो फुगवटा दाबण्यातच जात होता, लिव्हरपर्यंत पोचतच नव्हता. प्लेट ठणठणीत होती. इंजिन बंद ठेवून फोर-एल मध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी) पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. स्टार्टरनंच गाडी ओढली आणि इंजिन लागलं. डांबरी रस्ता लागल्यावर थांबून टू-एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर, नेहमीचा वेग) आलो, पुन्हा पहिल्या गिअरवर तसंच स्टार्ट केलं आणि आवाजाच्या अंदाजानं गिअर बदलत घरी आलो. दुसऱ्या दिवशी केबल बदलली, काम संपलं. (हा उपाय अडलात तरच करा. बॅटरी आणि स्टार्टर दोघांनाही तो सोसत नाही. आणि समोर कुणी उभं नाही ना, हे आधी बघा.)

लिव्हर पूर्ण फिरतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हा मात्र दोष आत आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. कोकणात हे फार. त्यालाही लगेच गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. इंजिन चांगलं गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात दुसरा गिअर टाका, क्लच दाबून ठेवा आणि तसंच स्टार्ट करा. गाडी चालू लागली की क्लच न सोडता रेस कमीजास्त करत ब्रेक मारा. बऱ्याचदा दोन-तीन झटक्यांत सुटते. नाही सुटली, तर मग गिअरबॉक्स उतरवा.

केबल ताणून ठेवण्याबद्दल. पेडलला वरच्या टोकाला थोडा ढिलेपणा लागतोच. मी माझ्या गाडीत लिव्हरपाशी दोन ते चार मिलीमीटर ठेवतो. तो काढून टाकला, तर रिलीज बेअरिंग (लिव्हरनं पुढे ढकललं जाणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) पाकळ्यांवर कायम टेकून फिरत राहतं, पकड कमी होते आणि चांगली प्लेट जळते. खरं तर प्लेट घासत जाते तशा त्या पाकळ्या गिअरबॉक्सकडे सरकतात आणि ढिलेपणा आपोआप कमी होतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. क्लच दिवसेंदिवस वर धरायला लागला, तर प्लेट घासतेय, तेव्हा केबलचा नट सैल करा. खाली, तळाशी धरायला लागला, तर केबल ताणली गेलीय, तेव्हा नट आवळा. मेसेजमध्ये सरसकट आवळायला सांगितलंय.

ओढ्यात क्लच दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते आणि गाळाचं पाणी नेमकं तिथेच शिरतं. पाण्यात उतरण्याआधीच फोर-एल मध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि पलीकडच्या काठापर्यंत डावा पाय पेडलपासून लांब ठेवा.

पेट्रोलचा सल्ला कुणीही पाळू नये, अगदी हात जोडून सांगतो. क्लचभोवतीच्या बंद बेलहाउसिंगमध्ये पेट्रोलची वाफ, शेजारी ठिणग्या टाकणारा स्टार्टर, आणि आत तापलेली प्लेट. गाडी पेटेल. शिवाय तेल मुरलेलं लायनिंग (प्लेटचा घासणारा थर) त्यानं साफ होत नाही, आणि तेल जिथून येतंय तो सील तसाच राहतो.

पाचवा सल्ला उलटा करून वाचा. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) वेगळा बसवलेला असतो, मधला छोटा शाफ्ट काढला की गिअरबॉक्स एकटा खाली येतो. तरी ती दिवसभराची मेहनत आहे, आणि प्लेट बदला किंवा सगळं बदला, मजुरी तेवढीच. प्लेटचे रिव्हेट लायनिंगच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलीमीटरहून कमी खोल असतील, तर ती बदला. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग नवीन टाका. इंजिनचा मागचा सील आणि गिअरबॉक्सचा पुढचा सील ओला आहे का, हे बोट फिरवून बघा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले, तर लेथवाल्याकडे न्या. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस नखाएवढंच लावा, जास्त झालं तर फिरताना उडून नव्या प्लेटवर बसतं. आणि बोल्ट आवळण्याआधी डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणा, नाहीतर गिअरबॉक्स छातीवर घेऊन तासभर ढकलत बसाल आणि तो आत जाणार नाही.