"90 टक्के अपघात कामगाराच्या चुकीने" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

4 मार्चचा सुरक्षा दिन जवळ आला की एक मेसेज आमच्या एमआयडीसीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा मला सहा जणांनी पाठवला, त्यातले दोघं स्वतः वर्कशॉपचे मालक. मेसेज थोडक्यात असा: 90 टक्के अपघात कामगाराच्या हलगर्जीपणामुळे होतात, मशीन कधी चुकत नाही, जुन्या हाताला ट्रेनिंग लागत नाही, ग्लोव्हज-गॉगल दिले की मालकाची जबाबदारी संपली, चूक कामगाराची असेल तर भरपाई द्यावी लागत नाही, सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे सर्टिफिकेट विकायचा धंदा, त्यापेक्षा धुळीच्या कामावरच्या माणसाला रोज गूळ द्या. मी 22 वर्षं प्रेस शॉपमध्ये (पत्रा मशीनखाली दाबून कापायचं-वाकवायचं काम) काढलीत, आधी ऑपरेटर, मग मशीनवर साचा बसवणारा सेटर, आता नवीन पोरांना शिकवतो, त्यामुळे यावर गप्प बसणं मला जमत नाही.

पहिलं 90 टक्क्यांचं. असा आकडा आला कुठून ते बघा. 1931 साली अमेरिकेत हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने 75,000 अपघातांच्या नोंदी घेऊन सांगितलं की 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने, 10 टक्के यंत्राच्या नाहीतर जागेच्या दोषाने आणि 2 टक्के न टाळता येण्यासारखे. तेव्हापासून हा आकडा जगभर फिरतोय, कधी 88, कधी 90, कधी 95. पण त्या नोंदी होत्या कुणाच्या? विम्याच्या क्लेमच्या आणि कारखानदारांच्या स्वतःच्या फाइली. त्यात बोट गेलेल्या माणसाचं म्हणणं कितीसं असणार? आणि प्रत्येक अपघात एकाच खान्यात टाकलेला, म्हणजे मशीनला गार्ड (संरक्षक जाळी) नव्हता आणि हातही आत गेला असं दोन्ही असलं तरी खाना एकच.

हे खाने कसे भरतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. 2009 ची गोष्ट, भोसरीतलं एक शॉप, नाव घेत नाही. 50 टनाची पिन क्लचची पॉवर प्रेस, म्हणजे पेडल दाबलं की एक पिन फिरत्या चाकात अडकते आणि प्रेस खाली येते. पायाचं पेडल, पेडलला कव्हर नाही, पुढची जाळी डाय (साचा) बदलताना काढली ती परत लावलीच नाही. जालन्याकडचा 20 वर्षांचा पोरगा, कामाचा तिसरा दिवस. त्याला शिकवलं किती तर पाच मिनिटं, "इथे पत्रा, इथे पाय, आणि काही अडकलं तर मोटर बंद कर." डायमध्ये पीस अडकला, पोराने सांगितल्याप्रमाणे मोटर बंद केली आणि हात आत घातला, तेवढ्यात तेलकट फरशीवरचा पाय सरकून पेडलवर पडला आणि प्रेस बसली. कारण मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, आणि पिन एकदा आत बसली की प्रेस पूर्ण स्ट्रोक मारूनच थांबते, मध्ये थांबत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून. त्याचा हातमोजा आम्ही नंतर चिमट्याने बाहेर काढला.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं "कामगाराचा निष्काळजीपणा". अहो, पोराने सांगितलेलं तंतोतंत ऐकलं होतं! त्या डायचं सेटिंग मी केलेलं, आणि फ्लायव्हीलचं त्याला सांगायला पाहिजे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण मलाही कुणी शिकवलं नव्हतं, मी बघून बघून शिकलेलो. ही केस मेसेजवाल्यांच्या 90 टक्क्यांत जाते.

मग म्हणतात जुन्या हाताला ट्रेनिंग नको. तासाला 600 पीस काढणारा ऑपरेटर आठ तासांत 4,800 वेळा हात डायजवळ नेतो. त्याचा हात विचार करून जात नाही, तालावर जातो, आणि एखादा पीस वाकडा बसला की सरळ करायला त्याच तालावर परत जातो. मिनिटाला 60 स्ट्रोकच्या प्रेसला खाली यायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात अनुभव काय वाचवणार? उलट जुन्या माणसाला नवीन मशीनवर जास्त धोका, त्याच्या हाताला जुन्या मशीनची सवय. फ्रिक्शन क्लचची प्रेस मध्येच थांबवता येते म्हणून तिथे लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, कामाचा. तोच लाइट कर्टन पिन क्लचला लावला तर हात आत गेला हे सेन्सरला कळतं, पण स्ट्रोक काही थांबत नाही. चांगले पैसे मोजून असा कर्टन लावून निर्धास्त झालेले मालक मला भेटलेत, आणि त्यांचं काही वाईट करायचं मनात नव्हतं, त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

ग्लोव्हजचं तर मला फार वाटतं. "हातमोजे घाला" चा बोर्ड सगळ्या शॉपमध्ये सरसकट लावलेला असतो. पत्रा उचलताना घाला, जरूर घाला, पण ड्रिलिंग मशीनवर नाहीतर लेथवर हातमोजा घालून उभं राहिलं तर फिरत्या ड्रिलमध्ये त्याचा एक धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो. म्हणजे वस्तू दिली आणि शिकवलं नाही तर तीच वस्तू हात घेऊन जाते. आणि तसंही ग्लोव्हज-हेल्मेट हा शेवटचा उपाय आहे, आधी धोका काढता येतो का बघायचं, नाही तर गार्ड, नाही तर कामाची पद्धत, आणि मग अंगावर घालायच्या वस्तू.

भरपाईचं बोलायचं तर 1923 च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा की साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारणच नाही. माणूस नशेत होता, सुरक्षेची स्पष्ट दिलेली सूचना किंवा नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा गार्डसारखं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं नाहीतर डावललं, एवढ्याच सबबी चालतात, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्यासुद्धा चालत नाहीत. आता सूचना स्पष्ट दिली होती हे मालक दाखवणार कशावरून, जर शिकवलंच नसेल? त्या पोराची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता 20 टक्के कमी. ईएसआय (सरकारी कामगार विमा) असेल तर पैसे तिथून येतात, पण बोटं कुठूनच येत नाहीत. आणि शिकवणं ही मेहेरबानी नाही, भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती करून माहिती, सूचना, ट्रेनिंग आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली गेली, आणि ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणूनही.

सर्टिफिकेटच्या धंद्याबद्दलची तक्रार मात्र मला पटते. 40 माणसं एका हॉलमध्ये, इंग्रजी पीपीटी, समोर बसलेले निम्मे बिहारचे आणि बीडचे, शेवटी रजिस्टरवर सह्या, चहा आणि ग्रुप फोटो. याला ट्रेनिंग म्हणू नका, पण म्हणून शिकवणंच सोडून द्यायचं? मी नव्या पोराला मशीनपाशी नेतो, आधी मोटर चालू करून बंद करायला लावतो, मग डायखाली लाकडाची पट्टी धरून (हाताने नाही, लांब चिमट्याने) पेडल दाबायला लावतो. मोटर बंद असताना पट्टीचे दोन तुकडे झालेले त्याने बघितले की पुढचं बोलायला भाषा लागत नाही. मग फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत घड्याळ लावून उभं राहायचं, रॅमखाली (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) सेफ्टी ब्लॉक घालायचा, आणि मगच हात. अर्धा तास जातो. ठेकेदाराची माणसं असली तरी हेच, कारण प्रेसला कोण कुणाच्या हजेरीवर आहे ते कळत नाही.

गुळाचं एवढंच, गूळ पोटात जातो आणि धूळ फुफ्फुसात. सिलिकाची बारीक धूळ एकदा खोल गेली की तिने केलेली इजा भरून येत नाही. पाणी मारा, धूळ ओढून घेणारा पंखा बसवा, आणि गूळ द्यायचाच असेल तर खाऊ म्हणून द्या.

मागच्या वर्षी चाकणच्या एका मालकांना म्हटलं, साहेब, ट्रेनिंगला तुम्ही पण उभे राहा. आले बिचारे. मेन स्विच काढलेला, फ्लायव्हील थांबलेलं, खाली ब्लॉक घातलेला, आणि मी मुद्दाम एक वॉशर डायमध्ये तिरका ठेवला आणि म्हटलं, "जरा नीट करा ना." चिमटा शेजारीच होता. त्यांनी चिमट्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ दोन बोटं आत घातली. मग हात तिथेच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. पंधरा दिवसांत त्यांच्या दोन फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर पेडल जाऊन दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आली. तिसरी पिन क्लचची, तिला पुढून पक्की जाळी मारली, पत्र्याची पट्टी सरकेल एवढीच फट ठेवून, बोट जात नाही त्यातून, मी घालून बघितलं.