मत नाही म्हणून तोंडही नाही का?

आज सकाळी आमच्या नागपूरच्या ले-आऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, नागरिक मंडळाची सभा झाली, मंदिराच्या हॉलमध्ये, आणि तिथून आल्यापासून डोकं असं तापलंय की जेवणसुद्धा गेलं नाही. म्हणून इथं लिहून राहिली. लांब होईल, पण वाचा.

आमच्याकडे नाला समिती आहे. तिच्या अध्यक्ष ज्या काकू आहेत त्या भाड्यानं राहतात. प्लॉट नावावर नाही म्हणून मंडळात त्या सहयोगी सदस्य, वर्गणी बाकीच्यांसारखी पूर्ण भरतात पण मताचा अधिकार नाही. अध्यक्ष त्यांना कार्यकारिणीनंच केलं, कारण नाल्याच्या कामाला दुसरं कोणीच तयार नव्हतं. तर आज काकूंनी अहवाल वाचला. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांच्या, उन्हात त्या नाल्याच्या काठानं हिंडल्या होत्या, बांबूवर लाल नेलपॉलिशच्या खुणा करून कुठं किती गाळ साचलाय ते मोजलं होतं, एकेका जागेचा फोटो प्लास्टिकच्या कव्हरमध्ये लावून आणला होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, पावसाळ्याआधी नाल्यावरच्या फरशा उचलून गाळ काढावा आणि मनपाच्या झोन ऑफिसला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र जावं, असा मी ठराव मांडते.

सचिव भाऊंनी रजिस्टरातून मानसुद्धा वर केली नाही. "काकू, तुम्हाला मत नाही, त्यामुळं ठराव मांडता येत नाही. बसा." झालं. पुढचा विषय गणपतीचा मंडप!

काहून मांडता येत नाही? मंडळाची घटना माझ्याकडे आहे, घरी येऊन पहिले तीच काढून वाचली. त्यात लिहिलंय की सहयोगी सदस्यास मताधिकार राहणार नाही. बस, एवढंच. ठराव मांडू नये, चर्चेत बोलू नये असं एका ओळीतही नाही. जे काढून घेतलंच नाही ते सचिवांनी कोणत्या अधिकारात काढून घेतलं?

आणि मत वेगळं, ठराव वेगळा, हे काय मी शोधून काढलं का? देशाचं बजेट बघा ना. निर्मला सीतारामन राज्यसभेच्या खासदार, लोकसभेत त्यांना मत नाही. तरी २०१९ पासून बजेट लोकसभेत त्याच मांडतात, वित्त विधेयक विचारात घ्या असा प्रस्तावही त्याच ठेवतात, आणि मतदान होतं तेव्हा मत देतात ते लोकसभेचे खासदार. त्यांच्या आधी अरुण जेटलींचंही तेच होतं. राज्यघटनेच्या कलम ८८ मध्ये आहे की मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येईल, कामकाजात भाग घेता येईल, फक्त त्या कलमामुळं मत मिळणार नाही. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला जे चालतं ते आमच्या ले-आऊटला चालत नाही!

एका काकाजींनी सभेत मोबाईल काढून रॉबर्टचे नियम वाचून दाखवले, सभा कशी चालवावी याचे, अमेरिकेतल्या लष्करी इंजिनिअरनं १८७६ मध्ये लिहिलेले, की अध्यक्षानं तटस्थ राहावं, स्वतः ठराव मांडू नये. अहो काकाजी, ते मोठ्या सभेत खुर्चीवर बसून सभा चालवणाऱ्यासाठी आहे. दहा-बारा जणांच्या समितीत अध्यक्षानं ठराव मांडायला त्याच नियमांत मोकळीक आहे. आणि काकू आज सभा चालवत नव्हत्या, समितीचा अहवाल देत होत्या. समितीच्या शिफारशीचा ठराव अहवाल देणाऱ्यानंच मांडायचा, आणि समितीकडून आला असेल तर अनुमोदकसुद्धा लागत नाही, हेही तिथंच आहे. अर्धं पान वाचून लोकांना बसवायचं का?

हो, अहवाल देणारा मोठ्या सभेचा सदस्यच नसेल तर दुसऱ्या सदस्यानं ठराव मांडावा असंही त्यात आहे, मान्य. पण काकू सदस्य आहेत ना, वर्गणीच्या पावत्या आहेत त्यांच्याकडे. आणि राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती असतात, सभागृहाचे सदस्य नसतात, समसमान मतं पडली तरच मत देतात, ते काही प्रस्ताव मांडत नाहीत, हेही ठीक. त्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे.

मला राहून राहून २०२३ चा सप्टेंबर आठवतो. २२ तारखेची रात्र, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. आमच्या इकडं लाईट गेलेली आणि नाल्याचं पाणी उलटं आत यायला लागलं तेव्हा आम्ही सगळे झोपेत होतो. काकू एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात स्टीलचं ताट घेऊन गेटागेटावर ठणाठणा वाजवत फिरल्या. आमची आजी खालच्या खोलीत, तिला स्वतःहून उठता येत नव्हतं. काकूंच्या त्या ताटानं जाग आली म्हणून तिला उचलून वर नेता आलं, पाठोपाठ तिचा पलंग पाण्यात गेला. त्या रात्री काकूंनी कोणाची रजिस्ट्री तपासली नाही, हा प्लॉटधारक, हा भाडेकरू असं केलं नाही. सचिव भाऊंच्या गेटवरही ताट वाजलं होतं!

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सचिव भाऊ वाईट माणूस नाहीत, वर्षानुवर्षं हिशेब चोख ठेवतात, हेही मीच सांगते. त्यांची भीती अशी असेल की आज भाडेकरूनं ठराव मांडला तर उद्या कोणीही उठून काहीही मांडेल. मांडू द्या ना बाप्पा! मांडला म्हणजे मंजूर झाला का? पटला नाही तर प्लॉटधारकांनी हात वर करून पाडावा, तो अधिकार त्यांचाच आहे आणि काकूंनी तो मागितलेलाही नाही. त्यांना एवढंच हवं होतं की गाळाचा विषय इतिवृत्तात यावा, चर्चा व्हावी. समितीचं काम करायला अध्यक्ष, आणि त्या कामातून काही निघालं की "बसा", असं कसं चालेल?

दुपारी काकूंना फोन केला. म्हणाल्या, जाऊ दे गं, फाईल मी तुझ्याकडे देते, तूच मांड. आवाज बसलेला होता. मी मांडू शकते, प्लॉट माझ्या नावावर आहे. पण बांबू घेऊन त्या नाल्यात मी उतरले नव्हते. त्यामुळं सूचक म्हणून नाव त्यांचंच राहील, ते मला बदलायचं नाही.

आज रात्री सचिवांना लेखी देते: विशेष सभा बोलवा, काकूंचा ठराव त्यांच्याच नावानं विषयपत्रिकेवर घ्या, आणि सहयोगी सदस्याला ठराव मांडता येईल अशी स्पष्ट ओळ घटनेत घालायचा माझा ठराव त्याच्यासोबत ठेवा. ले-आऊटमधले जे प्लॉटधारक हे वाचत असतील त्यांनी माझ्या घरी येऊन सही करा, मी नऊ वाजेपर्यंत जागी आहे. सभा व्हायच्या आधी पाऊस आला तर फरशा उचलायला मजूर लावावे लागतील, त्याचे पैसे कोण किती देणार तेही येतानाच सांगा.