विक्री_१, विक्री_२, विक्री_३... बंद करा हे!

बारा महिन्यांच्या बारा सीएसव्ही फाइली वाचायच्या. त्यासाठी लूप लावायचा, प्रत्येक फेरीत स्ट्रिंग जोडून ‘विक्री_१’, ‘विक्री_२’ अशी नावं तयार करायची आणि ती एक्झेकमध्ये, म्हणजे स्ट्रिंगला कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनमध्ये, कोंबायची. पायथन शिकणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला हे सुचतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? राग येतो तो त्याला ‘एक्झेक वापर, नाहीतर ग्लोबल्स (सगळ्या ग्लोबल व्हेरिएबल्सची यादी) वापर, चालतं’ असं सांगून मोकळं होणाऱ्या जाणत्यांचा. चालतं म्हणे! कुठवर चालतं ते सांगा ना त्याला.

एक्झेक फाइलीच्या वरच्या पातळीवर, म्हणजे कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, चालतो. तोच कोड फंक्शनमध्ये टाकला की मेला. फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स कोड कंपाइल होतानाच ठरतात, प्रत्येकाला ठरलेली जागा मिळते. एक्झेकमधून आलेलं विक्री_५ त्या जागांमध्ये नसतंच. खाली सरळ विक्री_५ लिहिलं की कंपायलर ते ग्लोबल धरतो आणि कोड चालताना नेम-एरर येते, म्हणजे ‘हे नावच सापडत नाही’. जुन्या आवृत्त्यांत निदान पुढच्या एक्झेकला ते दिसायचं. पायथन ३.१३ पासून फंक्शनमधलं लोकल्स (लोकल व्हेरिएबल्सची यादी) दर वेळी नवी प्रत देतं, त्यामुळे तेही गेलं. नवशिक्या रात्रभर डोकं फोडतो, कारण ‘वर तर चालत होतं’.

आणि नावं बनवून झाली, पुढे काय? बारा महिन्यांची बेरीज करायला तीच नावं पुन्हा स्ट्रिंगने बनवायची! लिंटर, म्हणजे कोड न चालवता चुका शोधणारं साधन, ‘असं नावच नाही’ म्हणून ओरडतो. एडिटरमधून नाव बदलायला जावं तर निम्म्या जागा सुटतात. एखाद्या कॉलमचं नाव ‘सम’ निघालं आणि तुम्ही ते ग्लोबल्समध्ये टाकलंत, की पायथनचं स्वतःचं सम फंक्शन झाकलं जातं. मग दोनशे ओळी खाली बेरीज करताना ‘हे कॉल करता येत नाही’ अशी एरर येते, आणि शोधत बसा. फाइलीच्या नावात आडवी रेघ असेल तर एक्झेक तिला वजाबाकी समजतो. नाव बाहेरच्या माणसाने दिलेलं असेल तर तो जे लिहील ते तुमच्या मशीनवर कोड म्हणून चालेल.

अहो, नावात आकडा फिरतोय म्हणजे तो आकडा हीच माहिती आहे. तिला कंसात बसवा! सुरुवातीला विक्री = {} आणि लूपमध्ये विक्री[महिना] = तक्ता. संपलं. दोनच ओळी. ही डिक्शनरी: किल्ली दिली की तिची किंमत मिळते. नुसता क्रम हवा असेल तर लिस्ट घ्या. फक्त तिथे जानेवारी शून्यावर बसतो, तो घोळ नको असेल तर १ ते १२ किल्ल्यांची डिक्शनरीच बरी. वर्षही हवंय? विक्री[२०२३, ४], टपल (अशी स्वल्पविरामाने जोडलेली जोडी) किल्ली म्हणून चालतो. गट पाडायचे तर डीफॉल्टडिक्टला (नसलेली किल्ली आपणच तयार करणाऱ्या डिक्शनरीला) लिस्ट द्या, किल्ली आहे का हे तपासत बसावं लागत नाही. पांडास या लायब्ररीचे तक्ते असतील तर अख्खी डिक्शनरी तक्ते जोडणाऱ्या कॉन्कॅटला द्या, किल्ल्या आपोआप इंडेक्सची बाहेरची पातळी होतात. नावावरून फंक्शन बोलवायचं असेल तर तीही डिक्शनरीत ठेवा. यादीत नसलेलं नाव आलं की तिथेच की-एरर, भलतं फंक्शन चालत नाही. आणि नावं आधीपासून ठरलेली, चार-पाचच असतील तर डेटाक्लास (ठरलेल्या नावांच्या खणांचा क्लास) करा, एडिटरही मदत करतो.

हा रोग एकट्या पायथनचा नाही. वेबसाइटसाठीच्या पीएचपी भाषेत रजिस्टर ग्लोबल्स या सेटिंगमुळे यूआरएलमधून आलेली नावं थेट व्हेरिएबल व्हायची. त्यातून इतकी भोकं पडली की २००२ साली ४.२.० मध्ये ते डीफॉल्टने बंद ठेवावं लागलं आणि २०१२ साली ५.४ मध्ये उपटून टाकलं. तरी आजही पोस्टमधून, म्हणजे फॉर्ममधून, आलेला अख्खा ॲरे एक्स्ट्रॅक्टला (किल्ल्यांची व्हेरिएबल्स करणाऱ्या फंक्शनला) देणारे आहेतच! जे काढून टाकायला दहा वर्षं लागली ते एका ओळीत परत घरात घेता?

बॅश या कमांड-शेलमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनीही स्ट्रिंग कोड म्हणून चालवणारं इव्हॅल सोडावं. डिक्लेअरला मोठा ए लावला की किल्ली-किंमत ॲरे मिळतो, २००९ च्या ४.० पासून. मॅकवर मात्र सोबत येणारा बॅश ३.२ आहे, त्यात हे चालत नाही. तिथे आधी नवा बॅश घाला, आणि स्क्रिप्टची पहिली ओळ त्याच नव्या बॅशकडे वळवा.